तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या उकाड्यात तो मास्क लावून झोपतेस कशी?

मला स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास मधूनमधून थांबतो, म्हणून रोज रात्री सीपॅप नावाच्या मशीनचा मास्क लावून झोपते. उन्हाळा लागला की हा प्रश्न येतोच. नातेवाईक विचारतात, ऑफिसमधले विचारतात, आणि मागोमाग दुसरा प्रश्न असतो, "मग उन्हाळ्यापुरतं बंद ठेवलं तर नाही का चालणार?" पहिल्या प्रश्नाचा मला राग येत नाही. दुसऱ्याचा येतो, आणि का येतो ते एकदाचं नीट लिहून टाकते म्हणजे दरवेळी अर्धवट काहीतरी बोलून विषय बदलायला नको.

आधी कबूल करते. गरम होतं. खूप होतं. इतकी वर्षं मी "काही नाही हो, सवय होते" असं सांगत आले आणि ते खरं नव्हतं. मास्कची सवय झाली, ट्यूबची झाली, कूस बदलताना ट्यूब हाताने उचलून पलीकडे टाकायची तीही झाली, पण नाकाभोवती सिलिकॉनखाली घाम साचतो त्याची काही सवय होत नाही. माझ्या एका मावसभावालाही मशीन मिळालं तेव्हा मी त्याला हेच सांगितलं होतं, सवय होते म्हणून. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने ते कपाटात ठेवून दिलं. त्याला वाटलं असणार की हिला जमतंय आणि मलाच जमत नाहीये. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.

आणि ते ऑक्सिजनचं मशीन नाहीये. सीपॅप खोलीतलीच हवा ओढतं आणि दाब देऊन नाकातून आत सोडतं, त्या दाबाने घसा मिटत नाही, एवढंच त्याचं काम. हवा गार करणारं त्यात काहीही नसतं, उलट मोटरमधून जाताना ती थोडी तापते. म्हणजे खोली तापलेली असेल तर नाकात जाणारी हवा खोलीपेक्षाही गरम. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत 35 डिग्रीपर्यंतच्या खोलीतच वापरा असं लिहिलंय, आणि ते मी वाचलं तिसऱ्या उन्हाळ्यात. तोपर्यंत मशीन पलंगावर उशीशेजारी असायचं, अर्धं चादरीखाली, आवाज कमी यावा म्हणून. फिल्टर धुळीने करडा झालेला. आता ते मोकळ्या स्टुलावर असतं, भिंतीपासून लांब, उशीपेक्षा खाली, पंख्याचा वारा माझ्या तोंडावर आणि त्याच्यावरही येईल असं. फिल्टर उन्हाळ्यात दर आठवड्याला बघते. एवढ्यानेच बराच फरक पडला, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ह्युमिडिफायरचं, म्हणजे मशीनची हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या भागाचं मात्र सांगायला वेळ लागेल, कारण तिथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या. त्यात पाणी तापवणारी प्लेट असते, म्हणजे हवा ओलीही होते आणि उबदारही. थंडीत मी तो 5 वर ठेवायचे आणि उन्हाळ्यातही तसाच चालू राहायचा, कारण सेटिंग बदलायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. मग एकदा वैतागून पूर्ण बंद केला. दोन रात्री स्वर्ग वाटला, तिसऱ्या दिवशी नाक आतून कोरडं पडून सुजलं, नाक चोंदलं म्हणून तोंड उघडं पडायला लागलं, तोंडातून हवा निसटून सगळी रात्र लीक. मग बर्फाचं पाणी घालून पाहिलं. काही होत नाही त्याने, प्लेट ते तापवतेच, आणि प्लेट बंद असली तरी थोड्या वेळात ते खोलीइतकंच होतं. शेवटी जे समजलं ते असं, की उकाडा दोन प्रकारचा असतो. हवा दमट असेल तर ह्युमिडिफायर 1 वर किंवा बंद, हवेतच पुरेसा ओलावा आहे. पण उन्हाळा कोरडा असेल, किंवा एसी चालू असेल, तर बंद करू नका, 2 किंवा 3 वर आणा, कारण एसी हवा कोरडी करतो. आणि एसीत दुसरंच होतं. ट्यूबमधली ओली हवा बाहेरच्या गारव्याने थंड होऊन तिचं पाणी होतं, गुडगुड आवाज येतो आणि मग पहाटे ते थेंब नाकात. मी दचकून उठले होते पहिल्यांदा. त्याला उपाय म्हणजे ओलावा एक पायरी कमी करायचा आणि ट्यूबला कापडाचं कव्हर घालायचं, किंवा ती पांघरुणाखालून घ्यायची. मशीन खाली असलं की पाणी नाकाकडे न येता मागे जातं, उशीपेक्षा खाली ठेवायचं ते त्यासाठीच.

बाकी घामाचं म्हणाल तर झोपायच्या आधी चेहरा साबणाने धुते, क्रीम अजिबात नाही, कारण तेलकट त्वचेवर कुशन, म्हणजे मास्कचा त्वचेला टेकणारा सिलिकॉनचा भाग, सरकतं. कुशन रोज धुते. पावडर लावू नका, ती सरळ नाकात जाते. आणि मास्क सरकायला लागला की हात आपोआप स्ट्रॅप आवळायला जातो, तो आवरा, आवळलं की कुशनचा आकार बिघडतो आणि लीक वाढतो, वर सकाळी गालावर वळ. मी तोंड आणि नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कवरून फक्त नाकपुड्यांना लागणाऱ्या छोट्यावर आले, त्यात त्वचेला टेकतं ते फारच कमी. सगळ्यांना तो चालत नाही, तोंडाने श्वास घेणाऱ्यांना तर नाहीच.

तर एवढं सगळं करते. आता दुसरा प्रश्न, एक रात्र नाही लावलं तर काय होतं.

दोन वर्षं हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा मला आईने विचारला. एका उन्हाळ्यात मी चार दिवस तिच्याकडे राहायला गेले होते. रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर गरम. मी मशीन मांडत होते, घाम पुसत होते, ट्यूब जोडत होते, आणि ती पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "अगं, एक रात्र नाही लावलंस तर काय होणारे? आम्ही काय झोपलो नाही का जन्मभर?" मी थकले होते. आणि मला राग आला, तिच्याइतकाच त्या मशीनचा. मी म्हटलं, "बरं, नाही लावत," आणि खरंच ट्यूब गुंडाळून पिशवीत टाकली. उकाडा होताच, पण मी ते रागाने केलं. तिला दाखवायला. काय दाखवायचं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

आणि झोप लागली, लगेच. हेही प्रामाणिकपणे सांगते की डोळे मिटताना इतकं छान वाटलं, तोंडावर मोकळा वारा, काही चिकटलेलं नाही, की मनात आलं आई म्हणते तेच बरोबर असेल.

सकाळी उठले तर डोकं ठणकत होतं, घसा कोरडा, आणि आई खुर्चीवर. पलंगाला लावून ठेवलेली खुर्ची, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. रात्रभर तिथेच होती. वय 74, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू. आधी ती मला वारा घालायला उठली होती, मी घामाने भिजले होते म्हणून. मग तिने ऐकलं.

"तू थांबायचीस," एवढंच म्हणाली आधी. मग चहा झाल्यावर सांगितलं. घोरणं एकदम बंद व्हायचं, छाती हलायची पण श्वास नाही, तिने नाकाखाली बोट धरून पाहिलं, काहीच नाही. मग ती आकडे मोजायला लागली. वीस. कधी तीस. चाळीसच्या पुढे गेलं की खांदा हलवायची, मी जोरात श्वास ओढून कूस बदलायचे आणि पुन्हा तेच. "पहाटे तर फार वेळ थांबत होतीस," म्हणाली. ते बरोबरच आहे, स्वप्नं पडणारी झोप पहाटेकडे जास्त असते, त्यात स्नायू सैल पडतात आणि थांबणं लांबतं. हे मला माहीत होतं. माझ्या स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास तपासतात त्या चाचणीत, श्वास अडणं तासाला 41 वेळा आलं होतं, 30 च्या वर गेलं की तीव्र म्हणतात, सगळं पाठ होतं. 41 म्हणजे साधारण दीड मिनिटाला एकदा, आणि तो आकडा मी लोकांना सहज सांगायचे. आईने तो मोजला.

मी विचारलं, "मला उठवलं का नाहीस?"

"उठवलं असतं तर तुझी झोप मोडली असती."

मी काय बोलणार होते. झोप त्या रात्री शेकडो वेळा मोडली होती, मला कळली नाही एवढंच. आणि खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आधी तिचा राग आला. कुणी सांगितलं होतं बसायला, तूच म्हणालीस ना नको लावू. बोललेही असं. ती गप्प राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "हे पण असेच थांबायचे. मला वाटायचं गाढ झोप लागलीये."

बाबा कशाने गेले ते आम्हाला माहीत आहे आणि मी त्याचा याच्याशी काही संबंध जोडत नाहीये, जोडायला माझ्याकडे आधार नाही. पण आई जोडत असणार. तेव्हापासून तिने तो प्रश्न विचारला नाही, आणि इतर कुणी विचारला की ती खोलीतून उठून जाते. म्हणून तुम्ही सहज "एक रात्र" म्हणालात तरी मला ते सहज घेता येत नाही. या उपचाराचा साठा होत नाही. काल लावलं म्हणून आज चालेल असं नसतं, मास्क काढला की त्याच रात्री घसा परत मिटायला लागतो.

एवढं लिहून झाल्यावर वाटेल की आता मी कधीच काढत नाही. काढते. मागच्या आठवड्यात दोनदा, रात्री तीनच्या सुमाराला, झोपेतच ओढून टाकला आणि सकाळी तो उशीखाली सापडला. मशीनच्या रिपोर्टवर चार तास भरले की वापर पुरेसा धरतात, पण त्या चार तासांत माझी पहाट येत नाही, आणि वाईट तर पहाटच असते. मी साडेतीनचा अलार्म लावून पाहिला, उठून चेहरा धुवायचा, कुशन पुसायचं आणि परत लावायचा. काही रात्री जमलं. काही रात्री अलार्मनेच झोप गेली आणि पाच वाजेपर्यंत छताकडे बघत पडले. मग अलार्म लावलेला बरा की मास्क निघाला तर निघू दिलेला बरा, मला ठरवता आलेलं नाही. आणि खोली थंड करायची सोय असेल तर ती आधी करा, शरीर थोडं निवल्याशिवाय झोप अशीही नीट लागत नाही, बाकीच्या युक्त्या त्यानंतरच्या.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांना प्रेशरबद्दल, म्हणजे मशीनच्या हवेच्या दाबाच्या सेटिंगबद्दल विचारणार आहे. सध्या 11 आहे, ते जरा उतरवता आलं तर लीक कमी होईल का, की थांबणं वाढेल. मनाने बदलणार नाही, विचारूनच. आणि आईला सोबत यायचंय म्हणते, तिला डॉक्टरांशी काहीतरी बोलायचंय. काय ते मला सांगत नाहीये.