गोधडीचे पैसे नक्की कुणाला?

"संशोधनाला म्हणजे नक्की कुणाला देणार?" दसरा चौकातल्या बैठकीत कापडाचा गठ्ठा खाली ठेवता ठेवता एका काकूंनी विचारलं. सगळे गप्प.

कॅन्सर संशोधनासाठी गोधडी शिवून विकायची, इथवर ठरलं होतं. २० जणींनी एकेक चौकोन करायचा. कापायचा साडेबारा इंच, चारी बाजूंनी शिलाई पाव इंच, म्हणजे जोडल्यावर १२ उरतो. आडवे ४, उभे ५. गोधडी ४८ बाय ६० इंच. एखादीनं शिलाईला अर्धा इंच धरला की तिचा चौकोन साडेअकराचा होतो, ओळ ओढली जाते, कोपरे जुळत नाहीत. म्हणून पुठ्ठ्याचा साचा सगळ्यांना एकच. सुती कापड आधी धुवायचं, नाहीतर नंतर आटतं. लाल-मरून कापडावर ओला पांढरा रुमाल घासायचा. रंग लागला की ते बाद.

हे सगळं जमतं. काकूंचा प्रश्न मात्र राहून गेला होता. रुग्णालयाला नुसता चेक दिला तर तो सर्वसाधारण निधीतही जमा होऊ शकतो. तेही चांगलंच काम, पण आपण लोकांना संशोधन सांगितलंय. तेव्हा विक्रीआधीच संस्थेकडून संशोधन निधीचं लेखी पत्र घ्यायचं आणि ते टेबलावरच लावायचं. गोधडीची किंमत ही खरेदी, तिच्यावर देणगीला मिळणारी आयकराची सवलत (८०जी म्हणतात ती) नाही, हेही तिथंच लिहायचं. देणगी द्यायची असेल त्यानं थेट संस्थेला द्यावी. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.

जुन्या सुती साड्या कुणाकडे आहेत?