एका खोलीत सहा जण: आमची वाटचाल

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या भागातल्या कारखान्यांसाठी आणि ऑफिसांसाठी आम्ही एस्केप रूमचे खेळ भरवतो, म्हणजे एका खोलीत गटाने कोडी सोडवत, कुलुपं उघडत ठरलेल्या वेळात शेवटच्या दारापर्यंत पोचायचं. जळगावात आमच्या दोन पक्क्या खोल्या आहेत आणि बाहेरगावी न्यायला कुलूप-कोड्यांच्या आठ पेट्या. चौकशीचा फोन आला की समोरून पहिला प्रश्न बहुतेक थीमचा येतो: भुताची आहे का, तुरुंगाची आहे का? आम्ही आधी विचारतो, माणसं किती आणि वेळ किती. कंपनीच्या टीमसाठी खोली निवडायचं निम्मं काम या दोन आकड्यांत उरकतं.

दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण मनापासून खेळतात. सातवा भिंतीला टेकतो, आठवा घड्याळ बघत बसतो. खेळ 60 मिनिटांचा, त्याआधी 10 मिनिटं सूचना आणि नंतर 20 मिनिटं सगळं पुन्हा जागेवर लावायला, म्हणजे एका फेरीला दीड तास. आता 48 माणसं धरा. सहाचे आठ गट, खोल्या दोन, फेऱ्या चार आणि तास सहा. त्या सहा तासांत कुठल्याही क्षणी 36 जण बाहेर बसलेले असतात, आणि चहा-बिस्किटांवर तासन्‌तास बसलेली माणसं आत गेली तरी मनाने आत येत नाहीत. म्हणून कोणी ‘आमच्या एका खोलीत पंधरा जण मावतात’ म्हणालं तर मावतील, पण खेळतील पाच-सहाच.

सुरुवातीला आमच्याकडे फक्त खोल्याच होत्या. पेट्यांकडे वळलो ते याच हिशेबामुळे. एका टेबलावर पत्र्याची एक पेटी, तिच्यात पाच कुलुपांचा एकात एक गुंतलेला खेळ, वेळ 45 मिनिटं. आठ टेबलं मांडली की कंपनीच्या कँटीनमध्येच 48 जण एका दमात खेळतात. आठही पेट्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोत बसतात आणि मांडायला दोन माणसांना दीड तास लागतो. 24 जण असतील तर आम्ही दोन्हींची जोडी लावतो: बारा खोल्यांत, बारा पेट्यांवर, मग अदलाबदल. तीन तासांत सगळं होतं आणि कोणी रिकामं राहत नाही.

एस्केप रूमचा हा खेळ 2007 साली जपानमध्ये क्योटोत ताकाओ कातो यांनी सुरू केला. 2011 पासून बुडापेस्टमध्ये खोल्या निघाल्या आणि तिथून तो पसरला. मित्रमंडळींसाठी बांधलेल्या बऱ्याच खोल्या एका रेषेत चालतात. पहिलं कुलूप उघडलं की दुसऱ्याचा धागा मिळतो, दुसरं उघडलं की तिसऱ्याचा. चार मित्रांना त्यात मजा येते. सहा सहकाऱ्यांत मात्र दोघं कुलपाशी आणि चौघं त्यांच्या पाठीमागे, अशी रांग होते. टीमसाठी अशी खोली घ्या जिथे पहिल्या मिनिटाला तीन कोडी एकदम खुली असतात आणि शेवटच्या कुलपासाठी तिन्हींची उत्तरं एकत्र आणावी लागतात. ‘दार बंद झाल्यावर एकाच वेळी किती कोड्यांवर काम करता येतं?’ असं चालकाला थेट विचारा. उत्तर ‘एक’ आलं तर ती खोली वाढदिवसाला चांगली.

कोडं कसं असावं, हे आमच्या एका कोड्यावरून सांगतो. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. खान्देशातल्या खोलीत त्यांचं गणित असावं असं आम्हाला मनापासून वाटलं. 32 हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुडापासून 16 हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? हे गणित आम्ही साखळीत उतरवलं. साखळीला दर चार इंचांवर पितळी कडी, असे 32 भाग, एकूण 128 इंच. एक जण साखळीचं एक टोक जमिनीवरच्या खुणेवर धरतो, दुसरा दुसरं टोक तिथून 64 इंचांवरच्या खुणेवर. तिसरा मधली एकेक कडी उचलून बघतो आणि चौथा ओळंबा धरून ती पहिल्या खुणेच्या बरोबर वर आली का ते बघतो. साखळी ताठ आणि ओळंबा सरळ, असं फक्त बाराव्या कडीला जमतं. खाली 12, उतरती बाजू 20, कुलपाचा आकडा 1220. फिटर आणि गवंडीकाम माहीत असलेले लोक यात 3-4-5 चा गुण्या (काटकोन) ओळखतात, अकाउंट्सवाले कागदावर वर्ग मांडतात, आणि दोघंही बरोबर असतात. पण साखळी धरायला चार हात एका वेळी लागतातच. आधी सुती दोरीला गाठी मारल्या होत्या. ओढून ओढून दोरी लांबली, जमिनीवरच्या खुणा होत्या तिथेच राहिल्या आणि बारावी गाठ ओळंब्याच्या रेषेत येईना. बरोबर विचार करणाऱ्या गटाला चूक उत्तर मिळणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट दोष, म्हणून साखळी.

कुलपांचंही तसंच. तीन आकड्यांच्या कुलपाला हजारच जोड्या. चिकाटीचा एक माणूस सेकंदाला एक फिरवत गेला तर सतरा मिनिटांच्या आत कोडं न सोडवता उघडतो. चार आकड्यांना तेच काम पावणेतीन तासांचं, म्हणून आम्ही सगळीकडे चार आकडे ठेवले. हिसके बसून चकत्या सैल होतात, तेव्हा प्रत्येक कुलपाला जोडीचं कुलूप आकडा लावून तयार ठेवतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना बंद खोलीत सहा माणसं म्हणजे एसी हवाच, 120 चौरस फुटांना दीड टनाचा. कूलर लावून बघितला, चालत नाही. त्याच्या आवाजात स्पीकरवरची सूचना ऐकू येत नाही, ओलाव्याने प्लायचे खण फुगून अडकतात आणि कागद लोळागोळा होतात. दुहेरी टेप उकाड्यात सुटते, म्हणून भिंतीवरचं सगळं स्क्रूने बसवतो. जाड्या अक्षरातली सूचना लॅमिनेट केली की ट्यूबलाइट चमकते आणि मधला शब्द वाचता येत नाही. मॅट फिल्म घ्यावी.

वीज हा दुसरा विषय. कपाटं आणि खण बंद ठेवायला 12 व्होल्टचे चुंबकी लॉक असतात. वीज गेली की ते आपोआप सुटतात. सुरक्षेसाठी ते चांगलंच, पण चालू खेळात सगळी कपाटं एकदम उघडली की उरलेला तास वाया. म्हणून कोड्यांच्या लॉकला यूपीएस लावतो. बाहेर पडायच्या दाराला लॉक लावतच नाही. खेळाचं ‘शेवटचं दार’ हे आतलं कपाट असतं, खोलीचं खरं दार पूर्ण वेळ नुसतं ओढलेलं असतं. 4 जानेवारी 2019 ला पोलंडमधल्या कोशालिन गावी एस्केप रूमला आग लागून पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. गॅसचा हीटर आणि आतून न उघडणारं दार यांनी ते घडलं. तेव्हापासून जगभर या धंद्यातला प्रत्येक जबाबदार माणूस दाराकडे आधी बघतो. तुम्हीही बघा. बुकिंगआधी स्वतः आत जा, दिवे बंद करायला सांगा आणि कोणाची मदत न घेता बाहेर या. आत मेणबत्ती, गॅस, थर्माकोल किंवा कापडी छत दिसलं तर तिथून निघा. ज्यांना बंद जागेत घुसमटतं त्यांना आग्रह करू नका. त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी बसवून नोंदी घ्यायला द्या, ते काम महत्त्वाचंच आहे.

गट पाडताना साहेब आणि त्यांच्या हाताखालची माणसं एका खोलीत नकोत. साहेबांनी एखादा आकडा सुचवला की बाकीचे पाच जण तोच फिरवत राहतात. प्रॉडक्शन, स्टोअर, क्वालिटी, अकाउंट्स अशी सरमिसळ करून दारात चिठ्ठ्या काढतो. सूचना मराठीत, लागेल तिथे हिंदीत, कुठल्याही कोड्यात चार ओळींहून जास्त वाचन नाही. पडद्यापाशी बसून खेळावर नजर ठेवणारा आणि सूचना देणारा आमचा गेममास्टर अहिराणीही बोलतो. ‘तठे’ (तिथे) म्हटल्याबरोबर शॉपफ्लोअरवरचा अमळनेरचा माणूस हसून मान वळवतो आणि पुढचं काम सुरू होतं. रंगांच्या कोड्यात प्रत्येक रंगासोबत आकारही देतो, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारा माणूस ते सहसा सहकाऱ्यांसमोर सांगत नाही.

कारखान्यांसाठी आम्ही ‘पाळीबदल’ नावाचा प्रकार तयार केला, आणि आमच्या सगळ्या कामात तो आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. पंचवीस मिनिटांनी घंटा होते. आतले तिघं बाहेर येतात, बाहेरचे तिघं आत जातात, आणि मध्ये फक्त दोन मिनिटं सांगण्यासाठी. काय सुटलं, काय अर्धवट आहे, कोणता आकडा वापरून झाला, ते पाटीवर लिहिता येतं. बहुतेक गट सुटलेलं सांगतात आणि अर्धवटाचं विसरतात. नवे तिघं मग तेच कुलूप पुन्हा दहा मिनिटं फिरवतात. खेळ संपल्यावर वीस मिनिटांच्या चर्चेत आम्ही पाटीचा फोटो समोर ठेवतो आणि दोनच प्रश्न विचारतो: हाती लागलं पण बोललं गेलं नाही असं काय होतं? आणि सांगितलं पण कोणी ऐकलं नाही असं काय? पाळीच्या रजिस्टरचा विषय इथे लोक आपणहून काढतात. ही वीस मिनिटं वेळापत्रकातून कापू नका. कमी वेळ असेल तर खेळ 45 मिनिटांवर आणा.

तारखेचं म्हणाल तर दिवाळीनंतर कापसाच्या जिनिंगवाल्यांना उसंत नसते, आणि 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या आठवड्यात सगळ्यांना एकच दिवस हवा असतो, तेव्हा जानेवारीतच कळवा. खेळ सकाळी दहाला ठेवा, भरीत-भाकरीचं किंवा शेवभाजीचं जेवण नंतर. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी आम्हाला नावांची यादी हवी असते, प्रत्येकाचा विभाग आणि कोण कोणाच्या हाताखाली आहे तेवढं लिहून. चिठ्ठ्या त्यावरूनच तयार होतात.