बाटलीवाले सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा शाळेचा निरोप आला, तेव्हापासून बाटलीवाले सरच डोळ्यांसमोर आहेत. मैदान, स्नेहसंमेलन, बोर्डाचे निकाल यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी सरांवर लिहितो. त्यांचं नाव द्यायची गरज नाही, आपल्या शाळेत बाटलीवाले सर एकच.

आपल्या प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या दहावीच्या प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवलेल्या असत. खालच्या वर्गांनी टेबलाभोवती उभं राहून नुसतं बघायचं, आणि मागच्या पोरांना तेही दिसायचं नाही. सरांनी ही रीत मोडली ती पेनिसिलीनच्या रिकाम्या बाटल्यांनी. दवाखान्यातून, गुरांच्या डॉक्टरांकडून ते स्वतः मागून आणत. पकडीनं वरचं पत्र्याचं कडं काढायचं, रबरी बूच वेगळं करायचं, बाटल्या सोड्याच्या पाण्यात उकळायच्या आणि शेवटी साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं विसळायच्या. मग बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून सिरिंजनं एकेक मिली पाणी सोडायचं आणि पेन्सिलीनं रेघ मारायची. झालं मोजपात्र! बुचात सुई खुपसून तिला सायकलची व्हॉल्व्हट्यूब जोडली की जस्त आणि विरल आम्लातून निघणारा हायड्रोजन साबणाच्या पाण्यात फुगे काढायचा. ही काच ज्योतीवर धरायची मात्र सक्त मनाई होती. तापवायचंच असेल तर बाटली गरम पाण्याच्या वाटीत उभी करायची.

बाटली लहान, त्यामुळे रसायनही थेंबानं लागे. सिल्व्हर नायट्रेट तेव्हाही महागच होतं. परीक्षानळीत मिलीच्या हिशेबानं ओतलं असतं तर एका तासात संपलं असतं. थेंबाथेंबानं वापरलं म्हणून ते अख्ख्या वर्गाच्या हाती आलं.

आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय, हे भूगोलात शिकलो होतो. सरांनी एकदा सांगितलं, "उद्या प्रत्येकानं आपापल्या घरचं पाणी आणायचं. कुठल्या विहिरीचं, ते पट्टीवर लिहा." दुसऱ्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्यांची रांग लागली. शेवटची बाटली पावसाच्या पाण्याची. प्रत्येकीत आधी विरल नायट्रिक आम्लाचा एक थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचा एक. पाण्यात मिठातला क्षार, म्हणजे क्लोराइड, जितकं जास्त तितकं ते यानं पांढरं होतं. पावसाचं पाणी नितळच राहिलं. शाळेच्या हापशाचं धुरकट झालं. नदीकाठच्या गावाहून येणाऱ्या एका मैत्रिणीच्या बाटलीत मात्र पाण्याचं पार ताक झालं. पोरं हसली. ती खाली मान घालून म्हणाली, "आमच्याकडचा चहा पाहुणे अर्धाच ठेवतात, सर."

सरांनी हसणाऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नवी बाटली घेतली, तिच्या विहिरीचं एक मिली पाणी घातलं, वर तीन मिली पावसाचं. पुन्हा तेच दोन थेंब. मग ती बाटली आणि हापशाची बाटली काळ्या कागदासमोर शेजारी शेजारी धरून तिलाच विचारलं, "आता सारखं दिसतं का बघ." दिसत होतं. "म्हणजे तुमच्या विहिरीत आमच्या हापशाच्या साधारण चौपट क्षार आहे. वहीत लिही, आणि घरी वडिलांना सांग." ती मान वर करून जागेवर गेली. मोजमाप कशासाठी असतं, हे मला त्या तासाला कळलं.

आज मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 250 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडे ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची खुणांची नळी आहे, पाण्यात पोटॅशियम क्रोमेट घालून पिवळ्याचा विटकरी रंग होईपर्यंत किती सिल्व्हर नायट्रेट लागलं ते मोजायची सोय आहे. पण थेंब सोडताना हात अजून सरांनी शिकवल्यासारखाच चालतो.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेलो. नवी प्रयोगशाळा देखणी आहे, काचेच्या कपाटांत चकचकीत नळ्या आहेत. कपाटाला कुलूप होतं, आणि आठवीची मुलं पुन्हा टेबलाभोवती उभी राहून बघत होती. फार वाईट वाटलं. दवाखान्यातल्या बाटल्या आता शाळेत आणता येणार नाहीत, तो जैववैद्यकीय कचरा झाला आणि 2016 च्या नियमांप्रमाणे त्याची वाट वेगळी आहे. ते योग्यच आहे. पण होमिओपॅथीच्या कोऱ्या काचेच्या बाटल्या डझनाच्या भावात स्वस्त मिळतात. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले प्लास्टिकचे खळगेही थेंबांच्या प्रयोगाला उत्तम.

सरांच्या नावानं अशा कोऱ्या बाटल्यांची एक पेटी शाळेकडे पाठवत आहे, सोबत ड्रॉपर आहेत. वीस थेंबांचा साधारण एक मिली होतो, पण ड्रॉपरगणिक फरक पडतो, तेव्हा मुलांना आधी आपापला ड्रॉपर तपासून घ्यायला सांगावं. पेटी कुलपाच्या कपाटात ठेवू नये, एवढी विज्ञानाच्या शिक्षकांना हात जोडून विनंती.