आईसाठी भिंतीतला पलंग

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या घराची पुढची खोली दहा बाय बाराची. दिवसभर तिथे शिलाई मशीन, चादरींचे गठ्ठे, येणारी-जाणारी माणसं. रात्री तिथेच आई-दादांच्या गाद्या. आईचे गुडघे आता जमिनीवरून उठू देत नाहीत, म्हणून आज भिंतीला उभा दुमडणारा पलंग बसवून घेतला.

सुतारमामांनी आधी भिंत ठोकून पाहिली. पक्की विटांची आहे याची खात्री झाली तेव्हाच ड्रिल हातात घेतलं. सगळा ताण भिंतीत रुतवलेल्या अँकर बोल्टांवर येतो, त्यामुळे पातळ पार्टिशनला हे काम करायचंच नाही, असं त्यांनी बजावलं. पलंगाच्या दोन्ही अंगांना गॅस स्प्रिंग, म्हणजे पलंगाचं वजन तोलून धरणारे दाबलेल्या वायूचे दांडे. त्यांची ताकद पलंग आणि गादीच्या वजनावरून ठरते, म्हणून गादी आधी पक्की करायची. ताकद जास्त झाली तर पलंग खाली टिकत नाही, कमी पडली तर धाडकन येतो.

कल्पना जुनीच. सॅन फ्रान्सिस्कोत एका खोलीत राहणाऱ्या विल्यम मर्फीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा पलंग केला, तोही जागेच्याच अडचणीतून.

खर्च साध्या पलंगापेक्षा बराच जास्त आला. पण संध्याकाळी आईने स्वतः पलंग खाली ओढला, बसली आणि कुणाचा हात न धरता उठली. दादा नुसते बघत राहिले. जागा कमी म्हणून म्हाताऱ्या माणसांना जमिनीवर झोपवू नका हो.

सोलापुरात कुणाला करून घ्यायचा असेल तर घरी या, उघडून-मिटून दाखवते.