लोखंडी फूल

७ जुलै, रात्री

आज काळाघोड्याला काम होतं. पाऊस उघडला म्हणून पाय मुद्दाम एस्प्लनेड मॅन्शनकडे वळवले. माझी पहिली नोकरी इथलीच, सेशन्स कोर्टाच्या अगदी समोर. दुसऱ्या मजल्यावर एका वकीलसाहेबांच्या चेंबरमध्ये मी टायपिस्ट होतो. तेव्हा ही 'पडकी इमारत' एवढंच ठाऊक. लोखंडी कपाट सरकवलं की जमीन हलायची आणि साहेब डोळे वर न करता म्हणायचे, "हळू. खाली पण अशील बसलेत."

मूळची ही वॉटसन्स हॉटेल. फोर्टची तटबंदी पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत १८६० च्या दशकात जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याने बांधलेली. आराखडा रोलँड मेसन ऑर्डिशचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छपरामागेही हाच माणूस. खांब, तुळया, कठडे इंग्लंडात ओतले, जहाजाने मुंबईत आणले आणि इथे जोडले. म्हणजे भिंतींवर उभी असलेली इमारत नव्हेच ही. सांगाडा लोखंडाचा, विटा फक्त मधल्या जागा भरायला. तेव्हा मला हे कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं, कारण रंगाचे इतके थर चढले होते की लोखंड दिसतच नसे. शिपाईकाकांनी एकदा जिन्याजवळच्या खांबावर रुपयाचं नाणं वाजवून दाखवलं. ठण्ण! "काय, पटलं?" म्हणाले.

तारीख लिहिताना लक्षात आलं. १८९६ साली याच दिवशी, ७ जुलैला, फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली ती इथे. तिकीट एक रुपया, चित्रं सहा. त्याच वर्षी अमेरिकन लेखक मार्क ट्वेनही इथे उतरला होता आणि कावळ्यांवर लिहून गेला. कावळ्यांचं बरोबर आहे. आमच्या खिडकीत डबा उघडा ठेवायची सोय नव्हती.

जमशेटजी टाटांना इथल्या दारातून परत पाठवलं आणि म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट आमच्या मजल्यावर रोज कुणीतरी सांगायचंच. मला ती कधी पटली नाही. एका अपमानापायी कुणी एवढं मोठं हॉटेल काढत नाही. पण गोष्ट इतकी घाटदार की मीही पाहुण्यांना तीच सांगायचो.

हॉटेल गेलं, मग मोठ्या खोल्यांच्या लहान खोल्या करून बिऱ्हाडं आणि चेंबर्स झाली. २००५ मध्ये दर्शनी भाग कोसळला, एक जीव गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी केली. पाडावी की दुरुस्त करावी, हा वाद समोरच्या नाही, पण वरच्या कोर्टात गेला. माझं मत विचाराल तर, जी सुटी सुटी आणून जोडली ती सुटी करून परत जोडता यायला हवी. पण मी टायपिस्ट, इंजिनीअर नव्हे.

नोकरी सोडताना साहेबांनी त्यांचा पेपरवेट दिला होता. कठड्याचा तुटलेला तुकडा, तळहाताएवढं लोखंडी फूल. आत्ता ते वीजबिलावर ठेवलंय. एक पाकळी गंजलीय, बिलावर तांबूस डाग पडतो. उद्या कुणी दुरुस्तीला हात घातलाच, तर हे फूल कुठल्या मजल्याच्या कठड्याचं ते सांगता येणार नाही. साहेबांना विचारायचं राहूनच गेलं.