भायखळा ते मोत माउली

आम्ही नगरकडचे मराठी प्रोटेस्टंट. आमच्यात नवस नाही, मूर्ती नाही, नवसाला वाहायचे मेणाचे हातपाय तर नाहीच नाही. त्यामुळे मी भायखळ्याहून बांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, जत्रेला चालत जाणार म्हटल्यावर घरचे आधी हसले, मग कपाळाला आठ्या पडल्या. शेजारच्या कॅथलिक आंटी दरवर्षी अनवाणी जातात. त्या वर्षी त्यांच्या मुलाची रात्रपाळी होती, सोबत कुणीतरी हवं होतं. आणि देवाकडे चालत जाणं आमच्या घराण्याला नवं थोडंच आहे? पणजोबा बाप्तिस्म्याआधी पंढरीला जायचे. जायचे म्हणजे चोखोबांच्या समाधीपर्यंत. त्यापुढे त्यांना मुभा नव्हती.

त्या वर्षी गणपती आणि जत्रा एकाच आठवड्यात आले होते. लालबागला अनवाणी आंटींना बघून एका कार्यकर्त्याने दोरीपलीकडे बोट दाखवलं, "आजी, नवसाची रांग तिकडं." "माझी रांग बांद्र्याला रे बाबा," म्हणत त्या पुढे निघाल्या. परळ, दादर, शिवाजी पार्क असं करत माहीमच्या सेंट मायकल चर्चपाशी पोचलो. तिथे त्यांनी जपासाठी माळ हातात घेतली, मी पाय चोळत बसलो.

माझ्या पाठीवरच्या पिशवीत बिस्किटांचे पुडे होते. आमच्या चर्चच्या तरुण संघाने ‘वाटेत गरिबांना द्या’ म्हणून दिलेले. माहीम कॉजवेच्या अलीकडे फुटपाथवर ताडपत्रीच्या आडोशाला एक बाई निळ्या पिंपाशी बसली होती. स्टीलचा पेला विसळून, भरून तिने आंटींपुढे धरला, मग माझ्यापुढे. पिंपाच्या झाकणावर वीट ठेवलेली; पाणी विकतचं असणार हे न विचारता कळत होतं. मी लगबगीने पुडा काढला. ती म्हणाली, "पोरं जेवून झोपली. म्हातारीला द्या, त्यांना चक्कर येईल."

पुडा आंटींनी खाल्ला.

पुढचा सगळा कॉजवे माझ्या डोक्यात बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय घोळत होता. न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका, उघडा, आजारी, तुरुंगात होतो. ‘माझ्या नावाने गरिबांना द्या’ असं तो तिथे म्हणत नाही. तो भुकेला मीच होतो, म्हणतो. हे मी लहानपणापासून ऐकतोय आणि ऐकताना नेहमी स्वतःला देणाऱ्याच्या जागी बसवत आलोय. आमची सगळी उपासना त्याच जागेवरून चालते. गरीब म्हणजे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ते. गंमत म्हणजे त्या गोष्टीत ज्यांनी दिलं तेही गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?

हिल रोडपाशी होली फॅमिली हॉस्पिटल लागतं. झारखंडच्या आदिवासींमध्ये आयुष्य काढलेले जेझुइट, म्हणजे येशूसंघी कॅथलिक, धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी तिथे वारले. वय 84, खटला उभा राहण्याआधीच, कैदी म्हणून. ‘तुरुंगात होतो’ या शब्दांवर आमच्याकडे कधी प्रवचन झाल्याचं आठवत नाही.

डोंगरावर चढताना मेणाच्या वस्तूंची दुकानं. हात, पाय, तान्हं बाळ, विमानसुद्धा. आंटींनी मेणाचं घर घेतलं, कौलारू, दाराखिडक्यांसकट. त्यांची चाळ पाडून वर्षं झाली, त्या अजून संक्रमण शिबिरातल्या खोलीत राहतात, आमच्या भिंतीला भिंत लावून. एरवी मी अंधश्रद्धा म्हणून मोकळा झालो असतो. पण आत माउलीच्या जरीच्या झग्याकडे बघताना लूकच्या शुभवर्तमानातली ओळ आठवली. बाळाला मंदिरात नेलं तेव्हा मरीयेने होल्यांची जोडी किंवा पारव्यांची पिल्लं, असं अर्पण केलं. नियमशास्त्रात ही सवलत कोकरू न परवडणाऱ्या बाईसाठी आहे. म्हणजे येशूच्या घरची ऐपत तेवढी होती. तिच्यापुढे मेणाचं घर ठेवणारी बाई तिला माझ्यापेक्षा लवकर कळणार. मी मेणबत्ती लावली नाही, तेवढा प्रोटेस्टंट अजून शिल्लक आहे.

परतल्यावर आमच्या चर्चच्या कमिटीत मी सुचवलं की नाताळातलं ब्लँकेटवाटप ठरवायला, ब्लँकेट घेणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना पंच म्हणून घ्या. खजिनदार म्हणाले, "ते येऊन काय ठरवणार?" मी म्हटलं, ब्लँकेट हवंय की खोलीचं भाडं, हे तरी ठरवतील. पाळकसाहेब हसले, विषय पुढे ढकलला. पुढच्या मीटिंगच्या यादीत तो परत आलाय, अगदी तळाला, ऑर्गनच्या दुरुस्तीनंतर.