ऱ्हाइनवरचे टोलनाके

ग्रुप टूरच्या पत्रकात ‘ऱ्हाइन नदीवर क्रूझ’ अशी ऐटदार ओळ असते. प्रत्यक्षात ती दोनेक तासांची फेरी. जर्मनीत रूडेसहाइमला बोटीत चढायचं, सांक्ट गोआरला उतरायचं आणि तोवर डोंगरउतारावरचे द्राक्षमळे अन् त्यांच्या डोक्यावरचे किल्ले बघायचे. स्वतः नकाशे घेऊन हिंडणारी मंडळी अशा फेऱ्यांना नाकं मुरडतात. मला त्या मनापासून आवडतात. ठाण्यातल्या माणसाला एका जागी बसून पुढे सरकायला मिळणं हीच केवढी चैन! घोडबंदर रोडवर आपण बसलेले असतोच, सरकत नाही एवढंच.

गाइडबाई माइकवरून ‘डावीकडे’ म्हणाल्या की चाळीस माना डावीकडे. काही जण पाठमोरे बसले होते, त्यांना प्रत्येक किल्ला भलत्याच काठावर शोधावा लागत होता. काउब गावापाशी मात्र कुणाची चूक झाली नाही, कारण तिथला किल्ला नदीच्या मधोमध, खडकावर उभा आहे. पांढऱ्या भिंती, काळी छपरं, टोकाला बुरूज. नाव फाल्झग्राफेनश्टाइन. सगळे मोबाइल वर. मग बाईंनी सांगितलं, की 1327 च्या सुमारास बव्हेरियाच्या लुडविगने हा बांधायला घेतला तो जहाजांकडून टोल वसूल करायला. नदीत साखळी ताणायची, पैसे मोजल्याशिवाय जहाज पुढे नाही.

“अहो, म्हणजे हा आपला आनंदनगरचा नाकाच की!” ठाण्याहून मुंबईत शिरतानाचा टोलनाका आठवून बायको म्हणाली.

त्यानंतर माझं त्या नदीकडे बघणंच बदललं. काठावरच्या बऱ्याच किल्ल्यांची तीच कुळकथा: वर सरदार, खाली वसुली. काउबची वसुली 1866 पर्यंत चालली आणि 1868 च्या मानहाइम करारानं ऱ्हाइनवरचा टोल कायमचा उठला. आपल्याकडे मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांना 2024 च्या ऑक्टोबरात माफी मिळाली. तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटायचेच बाकी होते. ज्याच्या नावानं त्या काळचे नावाडी बोटं मोडत असतील, त्याच्यासमोर आम्ही सेल्फी काढत होतो. आणखी काही शतकांनी आनंदनगरच्या नाक्यासमोरही कुणी तरी काढेल. तोवर त्याला जरा शेवाळ मात्र चढायला हवं.

द्राक्षमळ्यांचं खरं कौतुक आमच्यात एकालाच होतं. निफाडचे एक काका, घरची सहा एकर बाग. बाकीचे वाइनच्या चिमुकल्या ग्लासात नाक खुपसून “गोड आहे का हो?” विचारत होते, तेव्हा काका उतारावर नजर लावून होते. वेली थेट पाटीच्या दगडात रुजलेल्या. तो काळा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री ऊब सोडतो, म्हणून तर इतक्या थंड मुलखात रीसलिंगची द्राक्षं पिकतात. काकांनी टूर मॅनेजरमार्फत पहिला प्रश्न टाकला तो छाटणीचा. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. तिथे हिवाळ्यात एकदाच, हे ऐकून त्यांना हेवा वाटला. दुसरा प्रश्न, “एवढ्या चढावर ट्रॅक्टर कसा घालता?” बऱ्याच ठिकाणी घालताच येत नाही. माणसंच चढतात, आणि तोडणीला पोलंड-रोमानियातून मजूर येतात. बाईंनी मग काठावरचे झुडपांनी भरलेले टप्पे दाखवले. तिथेही एके काळी मळे होते, कसणारं कुणी उरलं नाही म्हणून सुटले. “म्हणजे मजुरांची बोंब इथंही,” काका म्हणाले आणि प्रथमच त्यांनी ग्लास तोंडाला लावला.

लोरेलाय हा सुमारे 130 मीटर उंचीचा कडा. वर बसून केस विंचरणाऱ्या सुंदरीपायी नावाडी बुडत, ही कथा बाईंनी रंगवून सांगितली, वर तिचं गाणंही लावलं. याच वळणापाशी 2011 मध्ये सल्फ्युरिक ॲसिड नेणारं जहाज उलटलं होतं, ते मी घरून वाचून गेलो होतो. बाईंनी ते गाळलं. बरोबरच आहे म्हणा, ॲसिडवर गाणं कोण लावणार!

आता वाटतं, अशी फेरी आपल्या खाडीत हवी. कोलशेतला बसायचं, घोडबंदरला उतरायचं. डावीकडे टॉवर, उजवीकडे भिवंडीची गोदामं, पुढे नागला बंदरचं जंगल आणि शेवटी मराठ्यांनी 1737 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला घोडबंदरचा किल्ला. मसाला कमी नाही. गाइड मात्र दमदार हवा. तिथे ऱ्हाइनला भरती-ओहोटीची भानगड नाही. इथे ओहोटीला बोट चिखलात रुतली, तर त्या बिचाऱ्याला पुढची भरती येईपर्यंत बोलत राहावं लागेल.